भिंतीपलीकडची साथ

पाद्री शिंप्याकडे गेला होता तो कोटाचं तुटलेलं बटण लावून घ्यायला. खोली भाड्याने घ्यायचं त्याच्या मनातही नव्हतं. पण बटण लागेपर्यंत शिंपिणीने त्याला स्टुलावर बसवलं आणि प्रश्नांची सरबत्ती केली. कुठून आलात, एकटेच का, जेवता कुठे, कपडे कोण धुतं. पाद्र्याने आपल्या मोडक्यातोडक्या बोलीत जी काही उत्तरं दिली त्यातून तिने नेमकं तेवढंच उचललं, की या माणसाला बायको आहे, एक लहान मुलगी आहे आणि त्या दोघींना आणून ठेवायला जागा नाही.

"अहो, वरची खोली रिकामीच पडलीये की," ती नवऱ्याला म्हणाली.

शिंप्याच्या तोंडात सुई होती. तो नुसता बायकोकडे बघत राहिला.

"बघताय काय? घर काय नुसतं झाडायला बांधलंय?"

बाईमाणसाने एकदा मनावर घेतलं की पुढे पुरुषाचं काय चालतं! पाद्री संध्याकाळी पेटी घेऊन वर राहायला आला. खोली चांगली होती. एक खिडकी रस्त्याकडे, एक दार जिन्याकडे, आणि पलंगामागे एक जाड, पांढरी भिंत. भिंतीपलीकडे काय आहे हे त्याने विचारलं नाही. भाड्याने राहायला आलेला माणूस नळाला पाणी कधी येतं ते विचारतो, भिंतींची चौकशी कोण करतो?

त्याच्या संस्थेचा नियम असा होता, की माणसाने आधी एकट्याने जायचं, तिथल्या माणसांत मिसळायचं, भाषा जिभेवर बसली की मग घरच्यांना बोलवायचं. त्यामुळे पाद्र्याचं सगळं चित्त भाषेत होतं. देवाच्या कामासाठी तो आला होता हे खरं, पण रात्री डोळे मिटल्यावर त्याला देवाच्या आधी मुलगी दिसायची हेही तितकंच खरं. तो निघाला तेव्हा ती झोपलेली होती. उठवलं तर रडेल म्हणून बायकोने उठवू दिलं नव्हतं. त्या गोष्टीची चुटपुट त्याला इतकी लागून राहिली होती, की शब्द पाठ करताना तो मनाशी म्हणायचा, हे एवढे शब्द आले की ती एवढी जवळ आली.

शिकवायला एक निवृत्त मास्तर मिळाले होते. त्यांची तऱ्हा न्यारी होती. "आधी कान, मग जीभ, अक्कल सगळ्यात शेवटी," ते म्हणायचे. "मी म्हणतो तसं म्हणा. अर्थ विचारायचा नाही. पाळण्यातलं पोर आईला अर्थ विचारतं का?"

मग मास्तर एक वाक्य बोलायचे आणि पाद्री ते जसंच्या तसं, हेल काढून, श्वास घ्यायच्या जागेसकट परत म्हणायचा. अर्थ चारआठ दिवसांनी आपसूक मागून यायचा, कुत्रं मालकाच्या मागून येतं तसा. हळूहळू त्याला चारचौघांत वागायची रीतही कळू लागली. बाजाराला निघताना तो एकदा शिंपिणीला "जातो" म्हणाला, तर ती अंगावरच धावून आली. "जातो काय? येतो म्हणावं माणसाने!" पाद्र्याला हे फार आवडलं. जाताना 'येतो' म्हणणारी माणसं वाईट असूच शकत नाहीत असं त्याने ठरवून टाकलं.

माणसं वाईट नव्हतीच. फक्त त्याच्याबरोबर प्रार्थनेला बसायला कोणी तयार नव्हतं. बोलवलं की यायची, ऐकायची, मान डोलवायची, त्याच्या उच्चारांना हसायची आणि "बरं आहे, येतो" म्हणून घरी जायची. त्याची स्वतःची शिकवण अशी, की एकाच्या मागण्याला दुसऱ्याने मनापासून होकार दिला की ते मागणं दोघांचं होतं, आणि दोघांचं मागणं वर पोचल्यावाचून राहत नाही. म्हणून तर तो गावाकडच्या लोकांना प्रत्येक पत्रात कळवळून लिहायचा, की माझ्यासाठी प्रार्थना करा, मला साथ द्या. पण माणूस नजरेआड गेला की मनातूनही उतरतो. गावाकडून येणारी उत्तरं आखूड होत चालली होती. एकट्याने प्रार्थना करता येते, पण एकट्याने ती फार काळ रेटवत नाही. पाद्र्याचे गुडघे जमिनीला टेकायचे, मन मात्र टेकत नव्हतं.

अशा दिवसांत एका दुपारी त्याला पलीकडचा आवाज ऐकू आला.

जेवणं आटोपून गल्ली आडवी झाली होती. खाली शिवणाचं यंत्र थांबलं होतं. रस्त्यावर उन्हाशिवाय काही नव्हतं. आणि भिंतीतून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज येत होता, हलका, एकसुरी, मधूनच धाप लागल्यासारखा. शब्द त्याला कळत नव्हते. पण ज्याने जन्मभर प्रार्थना केली आहे त्याला प्रार्थनेचा सूर कुठल्याही भाषेत ओळखू येतो. पलीकडची बाई देवाकडे काहीतरी मागत होती, तेही अगदी आतड्याला पीळ पडेल असं.

पाद्र्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतके महिने तो साथ शोधत दारोदार फिरत होता आणि साथ होती उशाशी! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. तो हळूच पलंगावरून उतरला, भिंतीला कपाळ टेकवून गुडघ्यांवर बसला. बाईचं बोलणं संपलं. मग शांतता झाली. ती शांतता कशाची तरी वाट बघणारी होती, असं त्याला वाटलं.

"आमेन," तो म्हणाला. असंच होवो.

पलीकडे कोणीतरी लांब श्वास सोडला. विझवलेल्या वातीचा वास खोलीभर पसरला आणि विरून गेला.

त्या दिवसापासून रोज दुपारी तो भिंतीपाशी बसू लागला. बाई कोण, कुठली, हे त्याने मुद्दाम कुणाला विचारलं नाही. लाजरं पाखरू असतं, हात पुढे केला की उडतं, हे त्याला अनुभवाने माहीत होतं. ती मागायची, तो आमेन म्हणायचा. मास्तरांच्या शिकवणीप्रमाणे त्याने तिचे शब्दही अर्थाविना उचलले, हेलासकट, धापेसकट. जिना चढता-उतरता ते तो पुटपुटायचा, उच्चार घासून घ्यायला.

फरक पडला. दर प्रवचनात दोनदोनदा आमेन म्हणणारा हा माणूस भलताच खुलला होता. गल्लीतल्या पोरांनी त्याचं नाव 'आमेनसाहेब' ठेवलं आणि तो त्या नावाला ओ द्यायला लागला. मास्तर त्याच्या उच्चारांवर खूश होते. शिंपीण मात्र एकदा भाजी निवडता निवडता थबकली.

"पाद्रीसाहेब, तुम्ही हल्ली अगदी म्हाताऱ्या बायांसारखं बोलता हो."

"चांगलं की वाईट?" त्याने हसत विचारलं.

"तसं नाही… पण असं बोलणारं माणूस मी फार दिवसांत ऐकलं नव्हतं." एवढं बोलून ती आत गेली.

पुढे संस्थेचे एक वरिष्ठ येऊन त्याचं बोलणं ऐकून गेले आणि पसंतीची मान हलवून गेले. घरच्यांना बोलवायची परवानगी मिळाली. त्या दिवशी पाद्र्याने सुताराकडे मुलीसाठी छोटा पलंग सांगितला, खिडकीला पडदा शिवायला टाकला, आणि दुपारी भिंतीला टेकून नेहमीपेक्षा मोठ्याने आमेन म्हटलं. आपल्या आनंदात पलीकडच्या बाईंचाही वाटा आहे, असं त्याला वाटत होतं.

बायको आणि मुलगी निघायच्या होत्या त्या सुमाराची गोष्ट. पाद्री बाजारातून आला, हातात मुलीसाठी घेतलेली लाकडी बाहुली होती. जिना चढता चढता सवयीने तो बाईंची प्रार्थना पुटपुटत होता. मधल्या पायरीवर आला आणि त्याचा पाय तिथेच थांबला.

अर्थ आला होता. नेहमीसारखाच, मागून, आपसूक.

तो पायरीवर उभा राहिला आणि तेच शब्द पुन्हा एकदा, अगदी सावकाश बोलून त्याने खात्री करून घेतली.

"माझा लेक या पायरीपर्यंत आला आणि मला भेटला नाही. देवा, या घरात जो कोणी आपल्या माणसाची वाट बघेल, त्याचं माणूस या पायरीपर्यंत येऊ दे… आणि भेटू देऊ नकोस. मला जे कळलं ते सगळ्यांना कळू दे."

बाहुली त्याच्या हातातून सुटली आणि एकेक पायरी ठोकर खात खाली गेली.

शिंपी दुकानात काजं करत बसला होता. पाद्र्याचा चेहरा बघून त्याने सुई कापडात खुपसून ठेवली.

"वर, माझ्या शेजारी कोण राहतं?" पाद्र्याने विचारलं.

"कोणी नाही. बंद खोली आहे."

"एक म्हातारी बाई आहे. रोज दुपारी बोलते."

शिंप्याने बायकोला हाक मारली. ती ओले हात पुसत आली. नवऱ्याचं तोंड बघितलं आणि तिला न सांगता सगळं कळलं.

"तुला म्हटलं होतं," शिंपी एवढंच म्हणाला.

"अहो, पण आपल्याला कधी ऐकू आलं? तिला मरून आता किती वर्षं झाली…" ती खाली बसली. "पाद्रीसाहेब, शपथ घेऊन सांगते, आम्हाला काही ऐकू येत नाही."

मग हळूहळू, कधी तो तर कधी ती, असं करत दोघांनी सांगितलं. पलीकडच्या खोलीत शिंप्याची आत्या राहायची. तिचा मुलगा मामाशी, म्हणजे शिंप्याच्या बापाशी, भांडून परागंदा झाला होता. कित्येक वर्षांनी तो एका दुपारी परत आला. थकलेला, तोंडावर धूळ. बाप इथेच, या यंत्रावर बसला होता. त्याने भाच्याला पायरीवरच अडवलं. तुझी आई इथे राहत नाही, कधीच गेली, असं सांगून वाटेला लावलं. आत्या वर निजली होती. मुलगा गेला तो पुन्हा कोणाला दिसला नाही.

"तिला कसं कळलं?"

"बापानेच सांगितलं," शिंपी म्हणाला. "मरताना. क्षमा कर म्हणाला. आत्या उठली, वर गेली, आणि पुन्हा जिना उतरली नाही. रोज दुपारी, लेक आला होता त्या वेळेला, तेच मागत बसायची."

"मी दाराशी ताट ठेवून पळत खाली यायचे," शिंपीण म्हणाली. "मागणं संपलं की ती गप्प बसायची. कोणीतरी हो म्हणावं म्हणून. आमच्या घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, तिच्या मागण्याला हूं सुद्धा म्हणायचं नाही. आम्ही पोरांना वर फिरकू दिलं नाही, आणि घरातलं माणूस कधी परगावी पाठवलं नाही. वाट बघायची वेळच नको." तिने पाद्र्याकडे बघितलं. "साहेब… तुम्ही काही म्हणाला नाहीत ना?"

 पाद्र्याचं गल्लीतलं नाव काय होतं ते तिला ठाऊक होतं. तिने पदर तोंडाला लावला.

शिंप्याने किल्ली दिली. पाद्र्याने पलीकडची खोली उघडली तेव्हा दार कुरकुरलं आणि धुळीचा एक लोट उठला. आत मधल्या भिंतीला लागून एक खुर्ची होती, दाराकडे तोंड केलेली, आणि बाकी काही नव्हतं. भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, तेलकट डाग होता. कपाळ टेकून टेकून पडतो तसा. पाद्री आपल्या खोलीत परत आला आणि रोज बसायचा त्या जागी भिंतीपाशी गेला. त्याच्या बाजूलाही, त्याच जागी, तसाच डाग पडला होता. तो त्याच्या स्वतःच्या कपाळाचा होता.

त्याने लगेच तार केली. निघू नका. उत्तर बायकोच्या भावाचं आलं. दोघी निघाल्या, मुलगी फार आनंदात आहे.

तो मास्तरांकडे धावला. सगळं सांगितलं. मास्तर एरवी कशालाही हसणारे, पण त्या दिवशी त्यांनी चष्मा काढून किती तरी वेळ पुसला.

"न वाचता सही केलीत म्हणायची," ते म्हणाले. "पण तुम्हाला कळत नव्हतं. हे देवाला समजत नसेल का?"

"मी लोकांना शिकवतो, मास्तर… शब्दापेक्षा मन महत्त्वाचं. मी अगदी मनापासून म्हटलं हो. माझ्या आयुष्यात इतक्या मनापासून मी कधीच आमेन म्हटलं नव्हतं."

 मास्तरांनी पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाद्री भिंतीसमोर उभा राहिला. आज गुडघे टेकले नव्हते. आवाज सुरू झाला तसा तो ओरडून म्हणाला, "आत्याबाई, मी हो म्हटलं ते परत घेतो! तुमच्या लेकासाठी मी प्रार्थना करीन, जन्मभर करीन. हे मागू नका… माझी मुलगी लहान आहे हो!" आवाज थांबला नाही. आपल्या लयीत, धापा टाकत, शेवटपर्यंत गेला. मग ती शांतता आली. पाद्र्याने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं. दात ओठात रुतले.

"आमेन," खोलीत कोणीतरी म्हणालं.

आवाज त्याचा होता. पहिल्या दिवसासारखा, आनंदाने भरलेला. तो त्याच्या तोंडातून आला नव्हता. भिंतीपाशी, गुडघ्यांवर बसलेल्या माणसाच्या उंचीवरून आला होता.

त्याने पेटी उचलली आणि तडक मास्तरांचं घर गाठलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसा एक विचार त्याला सापडला होता. या घरात जो वाट बघेल, असं ती म्हणाली होती. मग या घरात वाट बघायचीच नाही! तो स्टेशनवर जाईल, गाडीतून उतरतानाच मुलीला कडेवर घेईल, आणि तिथूनच दुसरीकडे बिऱ्हाड करील. शिंप्याच्या घराची पायरी तिच्या पायाला लागूच द्यायची नाही. त्याने मास्तरांना हे पुन्हा पुन्हा सांगितलं. मास्तरही हो हो म्हणाले, पण नजर चुकवून म्हणाले.

गाडीच्या दिवशी तो सकाळपासून फलाटावर होता. गाडी आली, थांबली, माणसं उतरली. पेट्या, वळकट्या, रडणारी पोरं. तो एकेका डब्यात डोकावत शेवटपर्यंत गेला आणि परत फिरला. फलाट रिकामा झाला.  मनात कुठेतरी त्याला बरंही वाटलं. नाही आल्या तर नाही आल्या. कुठेतरी सुखरूप असल्या म्हणजे झालं.

एक हमाल बिडी विझवून त्याच्याजवळ आला. "कोणाला बघताय, साहेब? मेमसाहेब आणि छोटी मुलगी का?"

"हो… हो! कुठे आहेत?"

"त्या आधीच्या गाडीने, पलीकडच्या फलाटावर उतरल्या की. जोडणीची गाडी लवकर मिळाली म्हणे, त्यांचं बोलणं गार्डसाहेबांनी समजावलं मला. तुम्हाला चकित करायचं म्हणून छोटी नुसती उड्या मारत होती. शिंप्याचं घर विचारलं, मीच टांग्यात बसवून दिलं."

पाद्री कसा धावला ते त्याचं त्यालाच ठाऊक. शिंप्याच्या घराशी आला तेव्हा ऊन भिंतीवरून उतरायला लागलं होतं. शिंपीण दारात उभी होती. त्याला रस्त्यावरून येताना पाहून तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"तुम्ही… बाहेरून कसे?"

"त्या कुठे आहेत?"

"वर गेल्या आत्ताच. मी म्हटलं, थांबा, साहेब इथे राहत नाहीत आता. पण त्यांना माझं बोलणं कळेना, आणि तेवढ्यात वरून तुमची हाक आली. छोटीने ऐकली, पळतच सुटली जिन्यावर. अहो, मी स्वतः ऐकली तुमची हाक…"

तो तिला बाजूला सारून जिना चढला. आपल्या खोलीचं दार त्याने खांद्याने ढकललं. आत कोणी नव्हतं. सुताराचा छोटा पलंग भिंतीशी होता, वर चादर नीट होती. आणि भिंतीपलीकडून त्याला मुलीचा आवाज आला. खणखणीत, जवळून.

"आई, बाबा इथे पण नाहीत."

तो पलीकडे धावला. बंद खोलीचं दार सताड उघडं होतं. धूळ, खुर्ची, दुसरं काही नाही. आणि आता आवाज भिंतीच्या त्या बाजूने, त्याच्या खोलीतून येत होता. "आई, हा छोटा पलंग माझा आहे? बघ ना, माझ्याएवढाच आहे!" "हो गं बाई, तुझाच. बस जरा. येतील बाबा इतक्यात." ती त्याच्या बायकोचीच बोलण्याची ढब होती, प्रवासाने थकलेली. तो पुन्हा आपल्या खोलीत आला. पलंगावर चादर चुरगळलेली होती, मघाशी नव्हती. हात लावला तर ऊब होती. आणि आवाज पुन्हा पलीकडे गेला होता.

किती वेळ तो असा या दारातून त्या दारात धावला, शिंपी-शिंपिणीलाही सांगता येईना. ती दोघं जिन्याच्या तोंडाशी एकमेकांना धरून उभी होती. त्यांना ना बायको दिसत होती, ना मुलगी. त्यांना दिसत होता तो फक्त पाद्री. मग एकदा तो पलीकडच्या खोलीत गेला आणि दार आतून लागलं. शिंप्याने किल्ली लावून बघितली. किल्ली फिरली, दार हललं नाही.

आत पाद्री खुर्चीला धरून उभा होता. आज म्हातारीचा आवाज नव्हता, वासही नव्हता. खोली कधी नव्हे इतकी मोकळी वाटत होती, बऱ्याच वर्षांचं बिऱ्हाड कोणीतरी हलवून गेल्यासारखी. त्याला दम लागला होता. तो खुर्चीवर बसला, भिंतीवरच्या त्या डागावर त्याने कपाळ टेकलं आणि मुलीला हाक मारली. ज्या भाषेत तिला अंगाई म्हटली होती, ज्या भाषेत आईच्या मांडीवर तो स्वतः बोलायला शिकला होता, त्याच भाषेत.

"सोनुली, मी इथे आहे… भिंतीच्या या बाजूला. जाऊ नका गं. थांबा. दोघी इथेच थांबा… देवा, त्यांना इथून जाऊ देऊ नकोस."

पलीकडे एकदम शांत झालं. मग मुलगी हळूच म्हणाली, "आई, कोणीतरी बोलतंय. म्हातारं माणूस आहे."

"इथली माणसं इथल्या भाषेत बोलतात गं. मला अजून येत नाही. शिकले की कळेल."

"माझं बोलणं ऐक!" पाद्री ओरडला. त्याने बायकोचं लग्नाआधीचं, त्याने ठेवलेलं लाडकं नाव घेतलं. पुन्हा घेतलं. "अगं, ही आपलीच भाषा आहे…"

"रडतंय का ते, आई?"

"नाही राणी, प्रार्थना करतंय. सूर ऐक ना. कुठल्याही भाषेत असली तरी ओळखू येते." ती थोडं थांबली. मग तिच्या आवाजात एक ओलसर आनंद आला, खूप दिवस एकटं राहिलेल्या माणसाच्या आवाजात येतो तसा. "बाबा येईपर्यंत चल, आपण साथ देऊ त्यांना."

आपण काय मागून बसलो ते पाद्र्याच्या लक्षात आलं आणि त्याने बोलणं थांबवायचा प्रयत्न केला. तोंड मिटलं, श्वास रोखला. त्याच्या शेजारी, खाली, गुडघ्यांवर बसलेल्या माणसाच्या उंचीवर, त्याचाच आवाज तेच मागणं शांतपणे पुढे म्हणत राहिला. आणि भिंतीपलीकडे, फरशीवर, आधी एका मोठ्या माणसाचे आणि मग एका लहान मुलीचे गुडघे टेकल्याचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला.